जीपमागचा पाळणा

जुना जालना,
१८ नोव्हेंबर २०२४

भार्गवी,

वर 'चि.' लिहायला मी विसरलेली नाही. 'अनेक आशीर्वाद' पण आज राहू दे. राग उतरला की पुढच्या पत्रात दोन्ही एकदम देईन.

मी संभाजीनगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला गेले. पट्टी काढताना डॉक्टर म्हणाले, आता सगळं लख्ख दिसेल. घरी आले आणि सगळ्यात आधी लख्ख दिसलं ते रिकामं गॅरेज. अण्णांची जीप होती तिथे ऑइलचा काळा डाग, आणि भिंतीला चिकटवलेली तुझी चिठ्ठी: 'सरप्राइज! बंबाचा मस्त दिवा करणार आहे.'

शेजारच्या बद्रीनाथला धरलं. तो म्हणाला, "ताई, तुमची भाची आल्ती. साफसफाई करून राह्यली म्हणली. मी कशाला आडवं यावं? उलट मीच भंगारवाला बोलवून दिला. क्रेननं बिलकुल अलगद उचलली जीप." स्वतःचंच लग्न सांगावं तसं सांगत होता.

जालन्यात भंगार झालेली वस्तू पुन्हा दिसत नाही. एव्हाना इथल्या पोलादाच्या भट्टीत त्या जीपच्या सळया झाल्या असतील आणि त्या सळया पुण्यात तुमच्याच सोसायटीच्या पुढच्या इमारतीत उभ्या राहतील.

जीप चालत नव्हती, मान्य. तुझ्या बाबांनी अण्णांच्या मागे लागून किती गिऱ्हाइकं आणली. तुझे आजोबा एकच बोलायचे, "गाडी आहे तिथे राहील." कंत्राटदार माणूस, जुनं यंत्र एक दिवस जास्त ठेवायचा नाही, पण जीपचं नाव काढू द्यायचे नाहीत. हट्टीपणा, दुसरं काय. तो एवढाच काय तो आपल्या घरातला ऐवज तुला टेम्पोत घालावा लागला नाही. तुझ्याकडे आधीच आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं. तुम्हा मुलांचं इंग्रजी आमच्याहून फर्डं आहे, नेमकं हे वाक्य कसं राहिलं कोण जाणे.

फोन करू नकोस. फोनवर तू 'हो गं आत्या, हो गं' म्हणतेस आणि दुसरंच काहीतरी करत असतेस. मी सगळी नोकरी टपाल खात्यात केली. काय काय नेलंस ते लिहून पाठव, कागदावर.

आत्या

---

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू रागावलेली असलीस तरी 'प्रिय' मी काढणार नाही.

चुकलं. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, हे तुलाही माहीत आहे. गॅरेजमधली प्रत्येक वस्तू तिथे कुजत होती. नोकरी सोडल्यापासून मी हेच करते आहे: जुनी वस्तू घ्यायची, तिला आताच्या घरात काम द्यायचं. भुजंग नावाचे सुतार सोबत आहेत. बंब घासून काढला तर आतून असा तांबूस उजेड फेकतो की तू पाहत राहशील. शिलाई मशीनच्या पायावर टेबल बसवलंय. रेडिओच्या खोक्याचं औषधांचं कपाट करून तुलाच पाठवणार आहे.

आणि खरा खजिना जीपच्या मागे सापडला. भिंतीला टेकवून, ताडपत्रीत दोनदा गुंडाळून, काथ्याने बांधलेला. आत डांबराच्या गोळ्यांचा नुसता भुगा उरला होता. सोडवलं तर पाळणा. खरादावर गोल कातून उतरवलेले दांडे, त्यावर लाखेचा लाल-हिरवा रंग, अजून बोट घसरतं. वरच्या दांडीला एक माळ होती आणि तिच्यात काहीच्या काही ओवलेलं: कवडी, कोटाचं बटण, लाकडी भोवरा, किल्ली, निळा मणी, शिट्टी. कुणीतरी शाळेतल्या सगळ्या पोरांचे खिसे उलटे केल्यासारखं. मी ते सुटं करून बाल्कनीत टांगलंय, वारा आला की किणकिणतं.

भुजंग म्हणतात, पुढची बाजू कापली तर दोघांना बसायला झकास बाक होईल. फेब्रुवारीत आमचं प्रदर्शन आहे, दारातच तो ठेवायचा. कुणाचा गं हा पाळणा? बाबा त्यात झोपलेत का? विचारायला तेही नाहीत आता.

तुझी,
भार्गवी

---

जुना जालना,
२९ नोव्हेंबर २०२४

भार्गवी,

बंबाचा दिवा कर. मशीनचं टेबल कर. रेडिओत औषधं ठेव नाहीतर कोंबड्या ठेव, माझं काही म्हणणं नाही.

पाळण्याला करवत लावू देऊ नकोस. बाल्कनीतलं ते किणकिणतं आजच्या आज उतरव. त्यातली एकही वस्तू हरवता कामा नये. पाळणा होता तसा इथे पाठवून दे.

पाळणा लोकांनी टेकायला नसतो. तो ज्याच्यासाठी असतो त्याच्यासाठी, वेळ आली की लागतोच.

कारण विचारू नकोस.

आत्या

---

पुणे,
४ डिसेंबर २०२४

आत्या,

'वेळ आली की लागतोच.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

सासूबाई म्हणतात. ऋषीच्या मावश्या म्हणतात. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या, मला ज्यांचं नावही माहीत नाही अशा बायका म्हणतात. मी आणि ऋषीने आता उत्तरं देणं सोडून दिलंय. सगळ्या नात्यात एक तू होतीस जिने मला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुलाही मूल नाही, म्हणून तुला कळत असेल. आता दिसतंय की तू फक्त तोंडाने गप्प होतीस, मनात पाळणा राखून बसली होतीस.

माझ्यासाठी काही राखून ठेवायची गरज नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा भुजंगांनी पुढच्या बाजूचे दोन दांडे कापून काढले होते. काम थांबवलंय, पण तेवढंच. 'कारण विचारू नकोस' हे सिस्टरनी शाळेतल्या मुलींना सांगावं. कारण कळलं तर पाळणा परत येईल. नाही कळलं तर त्याचा बाक होईल आणि त्यावर मी आणि ऋषी, दोघंच, बसू.

भार्गवी

---

जुना जालना,
९ डिसेंबर २०२४

चि. भार्गवी हीस अनेक आशीर्वाद.

दोन्ही दिले. उधारी ठेवत नाही.

तुझं पत्र वाचून मी स्वतःलाच नावं ठेवली, आणि ते मला चांगलं जमतं. तुझ्याबद्दल माझ्या मनात तसलं काही नव्हतं, नाही, असणार नाही. लिफ्टमधल्या बायकांना माझ्याकडे पाठव.

पाळणा तुझ्यासाठी राखलेला नव्हता. तो आपला नाहीच.

आपल्या गल्लीत, तीन घरं सोडून, बदरोद्दीनचाचा राहायचे. खरादकाम करायचे. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी हा पाळणा केला. ती मुलगी सालेहा. तिच्यानंतर काही महिन्यांनी मी जन्मले, आणि चाचांच्या बायकोने, रहिमाबींनी, तो आपल्या घरी पाठवला. तेव्हापासून गल्लीत ज्याच्या घरी मूल होईल त्याच्याकडे तो जायचा. हिंदू-मुसलमान कुणी बघितलं नाही. रीत मात्र दोन गोष्टींची. मूल जन्मल्याशिवाय पाळणा चाचांच्या घरातून हलायचा नाही. आणि परत करताना आई मुलाला कडेवर घेऊन पुढे, पाळणा मागे, त्यात पसाभर गहू नि गूळ. दारात रहिमाबी मूल आधी घरात घ्यायच्या, मग पाळणा. त्या मुलाची म्हणून एखादी वस्तू माळेत बांधायची. म्हणजे तुझ्या बाल्कनीत गेले दोन आठवडे आमची अख्खी गल्ली वाऱ्यावर हलत होती.

मी आणि सालेहा कॉन्व्हेंटात एका बाकावर बसलो. ती जाफराबादला दिली, मी परभणीला. चाळीस वर्षांपूर्वी मी बाळंतपणाला माहेरी आले. अण्णांना रीतीभाती पटत नसत. म्हणाले, मुलीला इंग्रजी शाळेत घातलं ते काय अंधश्रद्धा पाळायला? आणि दिवस भरायच्या आधीच, तीन घरांसाठीसुद्धा जीप काढून गेले नि पाळणा घेऊन आले.

मुलगी झाली. ती रडली नाही.

मला अण्णांनी एवढंच सांगितलं होतं: पाळणा परत केला. मी पुढे विचारलं नाही. सालेहा मात्र मला भेटायला आली नाही. एक ओळ लिहिली नाही. वर्षभरात तिचे आईवडीलही घर विकून तिच्याकडे निघून गेले. चाळीस वर्षं मी मनात म्हणत आले की माझं काही राहिलं नाही तेव्हा ही बाई पाठ फिरवून बसली. पुढे जालन्याच्या टपालात माझ्या हाताखालून जाफराबादची पिशवी रोज गेली, आणि मी तिला एक पोस्टकार्ड टाकलं नाही.

आणि पाळणा गॅरेजमध्ये होता. अण्णांना तो घेऊन त्या दारात जाता आलं नाही. रिकामा कसा न्यायचा? म्हणून त्यांनी तो मागे ठेवला आणि पुढे जीप लावली. मी त्यांना हट्टी म्हणत राहिले.

आता कळलं का, त्या घराने आपल्याबद्दल काय समज करून घेतला असेल?

दांडे बसवून दे. कसेही.

आत्या

---

पुणे,
१३ डिसेंबर २०२४

आत्या,

आधी कामाचं लिहिते.

माळेतल्या सगळ्या वस्तू आहेत, एकही गेलेली नाही. क्रम मात्र मी मोडला. तो कुणाला ठाऊक असेल?

कापलेले दांडे भुजंगांनी टाकले नव्हते. आतून सागाची खुंटी घालून जोडले. ते म्हणाले, लाख देऊन जोड लपवता येईल. मी म्हटलं, नको. दिसू दे.

पाळणा टेम्पोने पाठवते आहे. तू सालेहाबाईंना लिहिणार आहेस ना? नाहीतर मी लिहीन.

तुझी,
भार्गवी

---

जुना जालना,
२० डिसेंबर २०२४

सालेहा,

तुझा पत्ता जाफराबादच्या पोस्टातल्या संपतकडून मिळवला. तो माझ्या हाताखाली तयार झाला, त्यामुळे नाही म्हणू शकला नाही.

तुमचा पाळणा आमच्याकडे आहे. तो परत गेला असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी ते खरं धरलं. माझ्या भाचीला तो गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये सापडला. बदरोद्दीनचाचांच्या हातची वस्तू आम्ही गिळून बसलो, असं तुमच्या घरात कुणी म्हटलं असेल तर ते म्हणण्याचा त्यांना अधिकार होता.

त्याचे दोन दांडे कापले गेले होते, ते जोडले आहेत. जोड दिसतो. माळ सुटली आहे.

तू तेव्हा आली नाहीस, याचा मला फार राग होता. आजही तो पूर्ण गेला आहे असं खोटं लिहिणार नाही.

एक गोष्ट मला ठरवता येत नाही. आमच्या घरी तो ज्यासाठी आला ते झालं नाही. पाळणा रिकामा कसा आणावा? तुमच्या घरात लहान मूल असेल आणि तो उंबऱ्याच्या आत नको वाटत असेल तर स्पष्ट लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण ते माझं मी बघेन.

शरयू

---

जाफराबाद,
१८ जानेवारी २०२५

शरयू,

सलाम. उत्तराला उशीर झाला. अम्मीला तुझं पत्र रोज वाचून दाखवावं लागतं, आणि रोज ती मध्येच थांबवते. कान बराबर आहेत तिचे, डोळे गेले. सत्त्याऐंशीची आहे.

तू सरळ लिहिलंस म्हणून मी पण सरळ लिहिते. तुझी खबर कळली तेव्हा मी जाफराबादहून पहिल्या बसने आल्ते. पदर खोचून तुझ्याकडे निघाले तर अम्मीने दारात अडवलं. म्हणाली, आपल्या घरचा पाळणा त्यांच्याकडे आहे. आज आपण गेलो तर त्यांना वाटेल, मागायला आले. मागणं म्हणजे लेकरू कुठंय असं विचारणं. पाळणा घेऊन यायचं असतं आईने. शरयू येईल तेव्हा येईल. तोवर या घरातलं कुणी त्या घरी जायचं न्हाई.

मंग आम्ही थांबलो. तू आली न्हाईस. अब्बा गल्ली सोडून गेले तरी तू आली न्हाईस. मी पण म्हणले, जाऊ दे, मोठ्या घरची पोरगी, आमचं तोंड पाहायची इच्छा न्हाई तिला. तुझा राग चाळीस वर्षांचा ना? माझा पण तेवढाच. बरोबरी झाली.

आता अम्मीचं. हे तिने मला पण आत्ता सांगितलं. तुझे अण्णा पाळणा न्यायला आले तेव्हा ती न्हाई म्हणाली होती. जन्मल्यावर देते म्हणाली. अण्णा हसले, हट्ट केला, आणि मोठ्या माणसाला दारातून रिकामं कसं पाठवायचं म्हणून तिने दिला. तेव्हापासून म्हणते, मी दिला नसता तर. रोज नमाजानंतर काहीतरी पुटपुटायची, ते हे होतं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचं.

तू विचारतेस, उंबऱ्याच्या आत नको का. अम्मी म्हणाली, तिला लिही, घेऊन ये. रिकामा आहे की न्हाई ते दारात बघू.

जोड दिसतो तर दिसू दे.

सालेहा

---

जुना जालना,
१० फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवी हीस अनेक आशीर्वाद.

काल जाफराबादला जाऊन आले. तुझं प्रदर्शन सोडून तू येणार होतीस, मीच नको म्हटलं. काही दारांत एकटीने उभं राहावं लागतं.

एकटी असं म्हणायचं, बाकी बद्रीनाथ होता. त्याची गाडी, वर टपावर पाळणा. त्याला वाटेत सांगितलं की तूही यातच झोपत होतास. भोकरदनला त्याने गाडी थांबवली, टपावरचे दोर पुन्हा आवळले. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी भंगारवाल्याला मी ते ताडपत्रीचं गाठोडं पण दाखवून राह्यलो होतो. भार्गवीनं न्हाई म्हणलं म्हणून ऱ्हायलं." तेव्हा तुला माझ्याकडून एक शाबासकी आहे, जपून वापर.

पाळण्यात मी गहू आणि गूळ ठेवला होता. तरी तो रिकामाच दिसत होता. गाडीतून उतरले. दारात सालेहा उभी. ती आता अगदी तिच्या आजीसारखी दिसते, हे मी तिला लगेच सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू अजून तशीच आहेस, तोंडाळ."

मागून रहिमाबी आल्या, भिंत चाचपत, नातू इजहारच्या खांद्यावर हात ठेवून. उंबऱ्याशी थांबल्या. बद्रीनाथ आणि तिथल्या पोस्टातला माझा संपत पाळणा घेऊन पुढे सरकले, तर त्यांनी हात आडवा धरला. "थांबा रे. रीत विसरले का? लेकराला आधी आत घ्या, मंग पाळणा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी खाली मान घातली. म्हटलं, आता सांगावं लागणार, लेकरू नाही म्हणून.

रहिमाबींनी हात पुढे केला, हवेत शोधत, आणि माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "हे काय, आलंय की. माझ्या पाळण्यातलं दुसरं लेकरू. चल, आत हो." आणि मला ओढून उंबऱ्याच्या आत घेतलं. अडुसष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी घेणारी, निवृत्त पोस्टमास्तर. मग मागून पाळणा आला.

ही गोष्ट तू कुणाला सांगू नकोस.

क्रम कुणाला ठाऊक, असं तू विचारलं होतंस. त्यांना. सालेहा एकेक वस्तू हातात द्यायची, त्या बोटांनी चाचपायच्या आणि नाव घ्यायच्या. कवडी सालेहाची. बटण माझं, अण्णांच्या कोटाचं. भोवरा तुझ्या बाबांचा, आमच्या भालचंद्रचा. किल्ली बद्रीनाथची, त्याच्या आईने कुलूप हरवलं म्हणून किल्ली दिली होती, तेही त्यांना आठवत होतं. बद्रीनाथ उठून बाहेर गेला. भोवरा बघायचा असेल तर जाफराबादला एसटी जाते. तो तिथेच राहील.

पाळणा आता त्यांच्या पडवीत आहे. त्यांच्या समोरच्या घरातल्या साधनाची सून चैत्रात बाळंत होणार आहे. साधना सगळी हकीकत ऐकून बसली होती, शेवटी म्हणाली, "मंग आमचं झाल्यावर आम्हाला मिळेल ना?" मी म्हटलं, सगळं ऐकूनही विचारतेस? ती म्हणाली, "ऐकलं म्हणूनच." रहिमाबी म्हणाल्या, "जन्मल्यावर. आधी कुणाच्या बापाला देणार न्हाई." अण्णांनी ऐकायला हवं होतं.

माळ ओवून झाली तेव्हा मी पर्समधून एक घुंगरू काढलं. त्या वर्षी इथल्या बाजारात घेतलं होतं, नंतर शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलं. डबा परभणीला गेला, परत जालन्याला आला, कुणी उघडून बघितला नाही. तूही नाही, हे नशीब, नाहीतर त्याचं कानातलं झालं असतं. ते मी शेवटी बांधलं.

रहिमाबींनी चाचपून विचारलं, "हे कुणाचं?"

नाव मी तेव्हाच ठरवलं होतं. तुझ्या आतोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

त्यांनी ते एकदा हळू म्हणून बघितलं. मग माळ पहिल्यापासून पुन्हा हातात घेतली आणि पाठ करायला लागल्या, कवडीवर बोट, बटणावर बोट, एकेक पुढे सरकत: सालेहा, शरयू, भालचंद्र, बद्रीनाथ, मधली सगळी, आणि शेवटी घुंगराशी येऊन, अंतरा.

तुझी,
आत्या